पाठीचें बळ आणि घरांतील व्यायाम

मनुष्याला आपला चेहरा आरशांत पाहतां येतो, छाती पाहतां येते, दंडही पाहतां येतात. पाठ मात्र पाहतां येत नाहीं. ती पाहण्याचें काम त्यानें दुसऱ्यांवर सोंपविलेलें असतें. असें असूनही मराठी भाषेनें आधार, कौतुक आणि धैर्य ह्या तिन्ही गोष्टींचें स्थान पाठींतच मानलें आहे. संकटांत कोणी तरी पाठीशीं उभें राहावें लागतें. चांगलें काम करणाऱ्याची पाठ थोपटली जाते. आणि रणांतून पळणारा शत्रूला पाठ दाखवितो. भाषेंत एवढा मान मिळालेल्या ह्या अवयवाची व्यायामाच्या इतिहासांत मात्र पुष्कळदां आबाळ झालेली दिसते. दिवसभर खुर्चीवर किंवा बैठकीवर वांकून काम करणाऱ्या शहरवासी मनुष्याला घरच्या घरीं, एखाददुसऱ्या वजनाच्या साह्यानें, आपली पाठ बळकट ठेवतां येईल काय, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचें नीट उत्तर मिळेपर्यंत युरोप, अमेरिका व हिंदुस्थान ह्या तिन्ही ठिकाणच्या लोकांनीं शंभराहून अधिक वर्षें खर्च केलीं.

हा इतिहास समजण्यासाठीं पाठ करते काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. तिचें पहिलें काम धरून ठेवण्याचें. कमरेच्या हाडापासून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही अंगांना दोरखंडासारखे गेलेले स्नायु शरीर ताठ ठेवतात. मनुष्य पुढें वांकला म्हणजे त्याला तोलून धरतात आणि पुन्हां उभा करतात. तिचें दुसरें काम ओढण्याचें. काखेच्या मागून कमरेपर्यंत पंख्याप्रमाणें पसरलेला रुंद स्नायु वर गेलेल्या हाताला खालीं आणि मागें ओढतो. मान, खांदे व पाठीचा वरचा भाग व्यापणारा दुसरा एक मोठा स्नायु आणि त्याच्याखालीं दडलेले लहान स्नायु खांद्यांमागचीं पसरट हाडें एकमेकांजवळ आणतात. ढकलण्याचें काम बहुतांशीं छातीचें व दंडांच्या मागच्या भागाचें. ओढण्याचें काम पाठीचें. तेव्हां ज्या व्यायामांत ओढण्यासारखें किंवा उचलण्यासारखें कांहींच नाहीं, त्यांत घाम कितीही निघाला तरी पाठीच्या वांट्याला त्यांतलें थोडेंच येतें. पुढील सर्व हकीकतीची किल्ली एवढ्या एका गोष्टींत आहे.

जुन्या घरांत ओढण्याला व उचलण्याला तोटा नव्हता. विहिरीवरून पाणी शेंदावयाचें, भरलेली घागर उचलून कमरेवर किंवा डोक्यावर घ्यावयाची, पहांटे जात्यावर दळावयाचें, उखळांत कांडावयाचें, ह्या सर्व कामांत पाठ राबत असे. अर्थात् हें काम बहुतेक स्त्रियांच्या व गडीमाणसांच्या वांट्याला येई. त्यांत मापही नसे आणि विश्रांतीही नसे. म्हणून त्याचे पोवाडे गाण्याचें कारण नाहीं. पुष्कळांच्या पाठी त्या कामानें बळकट झाल्या, तशा पुष्कळांच्या त्यानेंच मोडल्याही. मुंबईंत १८६० सालीं विहारच्या तलावाचें पाणी नळानें आलें. पुढें पिठाच्या गिरण्या आल्या. आणि शहरी घरांतील हे कष्ट हळूहळू नाहींसे झाले. कष्ट गेले हें चांगलेंच झालें. पण त्यांच्याबरोबर पाठीचें नित्याचें कामही गेलें, ही गोष्ट बराच काळ कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

घराबाहेर, तालमींत, पाठीची सोय निराळ्या रीतीनें झालेली होती. तालमींतील नित्याचे व्यायाम म्हणजे जोर आणि बैठका. जोरांत शरीर जमिनीपासून दूर ढकललें जातें. त्यामुळें छाती, खांदे व दंड तयार होतात. बैठकांनीं मांड्या तयार होतात. ओढण्याचें अंग त्यांत उणें पडतें. परंतु मल्लाला प्रतिपक्ष्याला कवेंत घेऊन ओढावें आणि उचलावें लागतें, आणि ओढण्याचें बळ नसलेला मल्ल आखाड्यांत टिकत नाहीं. ही उणीव मल्लखांबानें भरून निघाली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. महाराष्ट्रांत ह्या विद्येचें पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं केलें, असें परंपरा मानते. वणीच्या सप्तशृंगीवर माकडांच्या उड्या पाहून त्यांना ह्या उड्या-पकडी सुचल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ज्या खांबावर हातांनीं व पायांनीं धरून शरीर वर ओढून घ्यावें लागतें, तो खांब पाठीचा मोठा शिक्षक आहे, ह्यांत शंका नाहीं.

लेझीमीची गोष्टही अशीच आहे. शाळेंतील मिरवणुकींत झणझणणारी हलकी लेझीम सर्वांना ठाऊक असते. परंतु हा शब्द फारसींतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ धनुर्विद्येच्या सरावाचें, दोरीऐवजीं लोखंडी सांखळी लावलेलें धनुष्य, असा आहे. जड लेझीम दोन्ही हातांनीं ताणून उघडतांना खांद्यांचा मागचा भाग आणि पाठीचा वरचा भाग ह्यांना जें काम पडतें, तें धनुष्य ओढणाऱ्या योद्ध्याचेंच काम होय. मुद्गल किंवा जोडी पाठीमागून फिरवितांना त्यांचें ओझें सांवरून पुन्हां पुढें आणण्याचें काम खांदे व पाठ मिळून करतात. म्हणजे ओढण्याचें, उचलण्याचें आणि तोलण्याचें शिक्षण तालमींत होतें. अडचण होती ती जागेची. लाल मातीचा हौद, छपराला टेंकेल असा खांब आणि गुरु ह्या तीन गोष्टी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मावत नाहींत.

ह्यांपैकीं मुद्गल मात्र बिऱ्हाडांतच काय, समुद्रापलीकडेही सहज गेला. हिंदुस्थानांतील कंपनीच्या फौजेंत ह्या व्यायामाची ओळख झालेल्या इंग्रजांनीं तो विलायतेंत नेला. १८३४ सालीं लंडनमध्यें डोनाल्ड वॉकर ह्यानें पुरुषांच्या व्यायामांवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत ‘हिंदी मुद्गलां’चा समावेश आहे. पुढें युरोप-अमेरिकेंतील शाळांतून, व्यायामशाळांतून व घरांतून मुद्गल फिरूं लागले. १९०४ व १९३२ ह्या वर्षींच्या ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली. परंतु प्रवासांत त्यांचें वजन घटलें. तालमींतला भारी मुद्गल दिवाणखान्यांत शिरतांना एकदोन पौंडांचा झाला आणि बळाच्या व्यायामाची जागा डौलाच्या व्यायामानें घेतली.

अमेरिकेंत हा वाद उघडपणें झाला. १८६२ सालीं डायो लुइस ह्यानें ‘नवा व्यायाम’ म्हणून एक पद्धति मांडली; तींत स्त्रिया, पुरुष व मुलें ह्या सर्वांसाठीं हलकीं लांकडी डंबेलें होतीं. चपळाई आणि डौल हें त्याचें ध्येय होतें. त्याच सुमारास बोस्टनचा डॉक्टर जॉर्ज बार्कर विनशिप नेमकें उलट सांगत होता. कॉलेजांत शिकत असतां तो शरीरानें लहानखुरा होता. वजनें उचलून त्यानें आपलें शरीर घडविलें. खांद्यांवरून पट्टे घेऊन दोन हजार पौंडांहून अधिक वजन जमिनीवरून किंचित् वर उचलण्याचे प्रयोग तो लोकांसमोर करी आणि बळ म्हणजेच आरोग्य, असें व्याख्यानांतून प्रतिपादी. १८७० नंतर अमेरिकेंतील शहरांत पाठ व मांड्या ह्यांच्या जोरावर वजन उचलण्याचीं यंत्रें ठिकठिकाणीं दिसूं लागलीं. धंद्यांतील लोक कचेरींतून जातां-येतां त्यांवर दहा मिनिटें घालवीत. परंतु १८७६ सालीं, अवघ्या ४२ व्या वर्षीं, विनशिप वारला. जड वजनांनींच त्याचा घात केला, असा लोकांनीं निष्कर्ष काढला. एका मनुष्याच्या मरणावरून काढलेला हा निष्कर्ष शास्त्रीय नव्हता; पण त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला आणि घरगुती व्यायाम म्हणजे हलका व्यायाम, हें समीकरण रूढ झालें.

ह्याच वातावरणांत यूजेन सँडो उदयास आला. १८६७ सालीं प्रशियांतील केनिग्सबर्ग येथें जन्मलेला हा मल्ल विलायतेंत इतका गाजला कीं, १९०१ सालीं लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें त्यानें शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. १९०४-०५ सालीं तो हिंदुस्थानांतही येऊन गेला. त्याचें नांव आपल्याकडे इतकें रुजलें कीं, बिनबाह्यांच्या बनियनला घरोघर ‘सँडो’ म्हणूं लागले. त्याचीं पुस्तकें आणि साधनें टपालानें देशोदेशीं जात. त्यांत एक स्प्रिंगचें डंबेल होतें. त्याची मूठ उभी दुभागलेली असून मध्यें स्प्रिंगा बसविलेल्या असत. व्यायाम करतांना त्या दाबून धरावयाच्या असत. भिंतीला किंवा दाराला अडकवून ओढावयाचे रबराचे पट्टेही होते.

येथें एक विसंगति लक्षांत घेण्यासारखी आहे. सँडोचें स्वतःचें शरीर स्प्रिंगांनीं घडलेलें नव्हतें. ब्रुसेल्स येथें ‘प्रोफेसर आटिला’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या उस्तादाच्या हाताखालीं जड वजनें उचलून तो तयार झाला होता. तो विकीत असलेल्या डंबेलानें मूठ व मनगट ह्यांना चांगला व्यायाम होई; परंतु हातांत अवघे चार-पांच पौंड असतां पाठीला विशेष कांहीं करावें लागत नसे. रबराचे पट्टे त्या मानानें पाठीला अधिक उपयोगी होते. कारण त्यांत खरोखरीच ओढावें लागे, आणि तत्त्व म्हणून पाहिलें तर तें आपल्या जड लेझीमीचेंच होतें. तरीही लोकांच्या मनांत ठसलें तें आरशांत दिसणारें. दंड व छाती फुगलेली पाहून व्यायाम सफल झाला असें वाटे. न दिसणारी पाठ मागें राही.

महाराष्ट्रांत ह्या साऱ्या घडामोडीचें अत्यंत बोलकें उदाहरण म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि. तरुणपणीं त्यांनीं सँडोचीं साधनें व पुस्तकें मागवून अनेक वर्षें त्या पद्धतीनें व्यायाम केला. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनीं आपलें उरलेलें आयुष्य त्यांच्या प्रसारास वाहिलें. औंध संस्थानांतील शाळांत नमस्कार सुरू झाले. १९३८ सालीं त्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. ह्या पद्धतीचें मोठेपण असें कीं, तिला पैसा, जागा किंवा यंत्र कांहींच लागत नाहीं. आणि विलायती जाहिराती पुरुषांपुढेंच नाचत असतां भवानरावांनीं ती स्त्रियांनाही आवर्जून सांगितली. नळ व गिरणी आल्यावर ज्यांच्या पाठीचें काम गेलें होतें, त्यांची कोणी तरी विचारपूस केली. डेन्मार्कच्या जे. पी. म्युलरनें १९०४ सालीं प्रसिद्ध केलेली रोज पंधरा मिनिटांची साधनरहित पद्धतिही ह्याच जातीची होती.

नमस्कारानें कणा दोन्ही दिशांना लवचीक होतो, कण्यालगतचे स्नायु ताणले जातात व आखडतातही, खांदे व छाती बळकट होते. परंतु त्यांतही जोराप्रमाणें जमिनीला ढकलावयाचें असतें, ओढावयाचें नसतें. शिवाय शरीराचें वजन रोज तेंच राहतें. नमस्कारांची संख्या वाढविली तर दम वाढतो. पण बळ एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीं. हा नमस्कारांचा दोष नव्हे, ती त्यांची मर्यादा आहे. आणि मर्यादा कळली म्हणजे तिला पूरक काय, हेंही कळतें.

तें पूरक तत्त्व फार जुनें आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत क्रोटोन येथील मायलो नांवाचा मल्ल रोज एक वासरूं खांद्यावर घेऊन चाले. वासरूं वाढत गेलें तसतसें त्याचें बळही वाढत गेलें आणि अखेर पुरा बैल त्यानें उचलला, अशी कथा ग्रीक लोक सांगत. कथा म्हणून ती सोडून दिली तरी तींतील तत्त्व सोडण्यासारखें नाहीं. ओझें थोडथोडें वाढलें पाहिजे. तरच बळ वाढतें. १९०२ सालीं फिलाडेल्फिया येथें ॲलन कॅल्व्हर्ट ह्यानें ह्याच मल्लाच्या नांवानें वजनें तयार करण्याचा कारखाना काढला. लोखंडी कांबेला जोडलेलें वजन घरच्या घरीं कमीजास्त करतां येई, हा त्याच्या मालाचा विशेष. त्यामुळें एकाच साधनावर नवशिक्याला व तयार मनुष्यालाही व्यायाम करतां येऊं लागला आणि खोलीचा कोपरा तालमीचें काम देऊं लागला.

तरीही डॉक्टर लोक ह्या प्रकाराकडे संशयानें पाहत. तो संशय दूर होण्यास दुसरें महायुद्ध कारण झालें. अमेरिकेंत लष्करी इस्पितळें जखमी शिपायांनीं भरून गेलीं होतीं आणि हलक्या हालचालींनीं त्यांचे क्षीण स्नायु भरून येण्यास फार काळ लागत होता. शिकागो येथील लष्करी इस्पितळांतील डॉ. थॉमस डीलॉर्म हा स्वतः वजनें उचलणारा होता. त्यानें रुग्णांना, सोसवेल तितकें जड वजन थोड्या वेळां उचलावयास लावलें आणि बळ वाढेल तसतसें तें वाढविलें. १९४५ सालीं त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढें १९४८ सालीं आर्थर वॉटकिन्सच्या सहकार्यानें त्यानें ही रीत अधिक सुटसुटीत केली: जें वजन दहाच वेळां उचलतां येतें तें ठरवावयाचें, प्रथम त्याच्या निम्म्यानें दहा वेळां, मग पाऊण वजनानें दहा वेळां आणि शेवटीं पुऱ्या वजनानें दहा वेळां व्यायाम करावयाचा. मायलोचें वासरूं अशा रीतीनें इस्पितळांत पोंचलें.

इकडे आपल्या देशांत जुन्या विद्येची जपणूक चाललीच होती. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें बर्लिन येथें हिंदी व्यायामप्रकार करून दाखविले. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. मल्लखांब, लेझीम व मुद्गल ह्यांची बारीकसारीक माहिती त्यांत नोंदली गेली. ह्या दोन्ही प्रवाहांकडे एकत्र पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, पाठीला काय हवें हें तालमीला अनुभवानें ठाऊक होतें आणि तें मापून कसें द्यावें हें नव्या शास्त्रानें सांगितलें.

ह्या इतिहासाचा घरगुती निष्कर्ष अगदीं थोडक्यांत सांगतां येतो. पाठीसाठीं यंत्रांची रांग लागत नाहीं; वजन वाढवितां येईल अशीं दोन डंबेलें आणि लोंबकळण्यास एखादा पक्का दांडा पुरतो. पहिली क्रिया ओढण्याची: एक हात व एक गुडघा बांकावर टेंकून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हातानें वजन कमरेच्या बाजूला ओढून घ्यावें. दुसरी उचलण्याची: पायांजवळ ठेवलेलीं वजनें, पाठ न वांकवितां, सांध्यांत लवून धरावीं आणि मांड्या व कमर ह्यांच्या बळावर सरळ उभें राहावें. तिसरी क्रिया वर चढण्याची: दांड्याला धरून शरीर वर ओढावें, तें न जमल्यास पायाखालीं स्टूल घेऊन सावकाश खालीं येण्यापासून आरंभ करावा. आठवड्यांतून दोनतीन दिवस एवढें केलें, मध्यंतरीं विश्रांति घेतली, आणि दहा वेळां सहज होऊं लागल्यावर वजन थोडें वाढविलें, तर मल्लखांब, लेझीम व नाल ह्यांचें सार एका खोलींत साधतें. जोर व नमस्कार सोडण्याचें कारण नाहीं. त्यांच्या शेजारीं हें असावें, इतकेंच.

ह्याबरोबर एक सावधगिरीही इतिहासानेंच शिकविली आहे. पाठ धरली कीं अंथरुणाला खिळून राहावें, असा सल्ला पूर्वी सरसकट दिला जाई. १९९५ सालीं हेल्सिंकी येथील नगरसेवकवर्गांतील नोकरांवर, म्हणजे शहराच्या चाकरीत असलेल्या लोकांवर केलेल्या तुलनेंत असें आढळलें कीं, नुकतीच पाठ धरली असतां जे सोसवेल तितकें नित्याचें काम करीत राहिले, ते अंथरुणांत पडलेल्यांपेक्षां व मुद्दाम पाठीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षांही लवकर बरे झाले. म्हणजे व्यायाम हा दुखण्याच्या भरांत करावयाचा नव्हे. तो दुखणें ओसरल्यावर व त्याच्याही आधीं, नित्यनेमानें करावयाचा. पायांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा उतरती कळ असेल तर वजनाला हात लावण्यापूर्वी वैद्यांना दाखविलें पाहिजे.

विहिरीवरच्या आणि जात्यावरच्या कष्टांत ओझें किती असावें व केव्हां थांबावें, हें राबणाराच्या हातीं नव्हतें. घरांतील दोन डंबेलांत तें त्याच्या हातीं आलें. जुन्या श्रमांतील बळ ठेवून त्यांतील सक्ति तेवढी काढून टाकतां येते, हाच ह्या दीर्घ खटपटीचा खरा लाभ होय. तो घरांतील पुरुषांनीं घ्यावा, तितकाच स्त्रियांनीं आणि वयस्क माणसांनींही घ्यावा. कारण आरशांत पाठ कोणालाच दिसत नसली, तरी दिवसभराचा भार तिच्यावरच असतो.